परसदारच्या कोनाड्यातील कपबशी आणि जपान

पत्र थोडक्यात असे आहे: ‘मी सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी कला शाखेच्या तिसऱ्या वर्षात शिकते. समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमात या सत्रात जगातील संस्कृती आणि सामाजिक प्रश्न हा भाग होता. रवांडातील नरसंहार, जपानमधील बहिष्कृत मानला गेलेला बुराकू समाज, ढाक्याजवळची राणा प्लाझा दुर्घटना, सेनेगलमधील स्त्रियांनी सोडलेली एक प्रथा अशी प्रकरणे आम्ही वाचली. आता “या अभ्यासातून मला काय उमगले” यावर टिपण लिहून द्यायचे आहे. मी ते चार वेळा लिहिले आणि चारही वेळा फाडले, कारण दर वेळी शेवटी “आपण सर्व संस्कृतींचा आदर केला पाहिजे” हेच वाक्य येते. बुराकूंविषयी घरी सांगितले तेव्हा आजोबा म्हणाले, “बघ, जपानसारख्या देशातही आहे, म्हणजे ही जगाचीच रीत झाली.” मला उत्तर सुचले नाही. त्याच रात्री आमच्या परसदारच्या कोनाड्यातली कपबशी डोळ्यांपुढे आली. गोठ्यातल्या कामाला येणाऱ्या मावशींना आजी त्या कपबशीत चहा देते. चहा झाला की मावशी ती स्वतः विसळतात आणि परत कोनाड्यात पालथी घालतात. लहानपणापासून ती तिथे आहे आणि मला ती कधी दिसलीच नव्हती. आता स्वतःचीच लाज वाटते. दूरच्या देशांविषयी वाचून हळहळणे ही पळवाट आहे का? दुसऱ्यांच्या चालीरीतींना बरे-वाईट म्हणणारी मी कोण? आणि इतके वाचून शेवटी हतबलच वाटणार असेल, तर वाचायचे कशासाठी?’

प्रिय विद्यार्थिनीस,

तुझे पत्र मी दोनदा वाचले. चार वेळा लिहिलेले टिपण फाडलेस याचे मला मुळीच वाईट वाटले नाही. जे वाक्य अभ्यास न करताही लिहिता आले असते, ते अभ्यासाच्या शेवटी येत असेल तर ते खटकलेच पाहिजे, आणि तुला ते खटकले. तुझ्या टिपणाचे पहिले वाक्य मात्र या पत्रात तू लिहून बसली आहेस आणि ते तुझ्या ध्यानात आलेले दिसत नाही. ‘लहानपणापासून ती तिथे आहे आणि मला ती कधी दिसलीच नव्हती’, हे ते वाक्य. पुढचे सगळे तिथूनच सुरू कर.

तुझ्या प्रश्नांकडे वळण्यापूर्वी माझ्या हातून घडलेली एक चूक सांगते, कारण आजोबांना काय उत्तर द्यावे याचा धागा तिच्यात आहे. १९९४ साली मी एका तालुक्याच्या ठिकाणी समाजशास्त्र शिकवत होते. रवांडातील बातम्या वर्तमानपत्रांत आतल्या पानांवर येत असत. एका मुलाने वर्गात विचारले, ‘मॅडम, तिथे शेजारी शेजाऱ्यांना का मारत आहेत?’ मी खडू खाली न ठेवता उत्तर दिले की हुतू आणि तुत्सी या दोन जमातींचे पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर आहे, आणि लगेच फळ्यावरच्या मुद्द्याकडे वळले. मुलानेही मान डोलावली. उत्तर चुकले असे त्या दिवशी आम्हा दोघांनाही वाटले नाही.

काही वर्षांनी मी त्या देशाविषयी नीट वाचले. ज्यांना मी दोन जमाती म्हटले होते, ते लोक एकच भाषा बोलत होते, एकाच डोंगरउतारावर शेजारीशेजारी राहत होते, बहुतांशी एकाच धर्माचे होते आणि त्यांच्यात सोयरीकही होत असे. हुतू आणि तुत्सी हे भेद जुने होते हे खरे आहे, परंतु ते कागदावर पक्के झाले ते बेल्जियमच्या राजवटीत. १९३०च्या दशकात प्रत्येकाला ओळखपत्र देण्यात आले आणि त्यावर हुतू, तुत्सी किंवा त्वा (तिथला तिसरा, लहान समाज) अशी नोंद करण्यात आली. ती नोंद बापाकडून मुलाकडे जाऊ लागली. आधी तुत्सींना शिक्षणात आणि कारभारात वर चढवण्यात आले, स्वातंत्र्याच्या तोंडावर पारडे हुतूंकडे फिरले, आणि पुढे १९९४च्या एप्रिलपासून सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे, बहुतांशी तुत्सी, मारली गेली, तेव्हा रस्तोरस्ती उभारलेल्या नाक्यांवर हीच ओळखपत्रे तपासली जात होती. एक रेडिओ केंद्र दिवसरात्र चिथावणी देत होते. हे सर्व ठरवून झाले होते, त्यामागे माणसे होती, कचेऱ्या होत्या, याद्या होत्या. ‘पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर’ या माझ्या शब्दांनी ते सगळे पुसून टाकले आणि त्या मुलाच्या प्रश्नाची वाटच बंद केली. तो मुलगा आता कुठे आहे हे मला ठाऊक नाही. त्याला दुरुस्त उत्तर द्यायचे राहून गेले, ही सल अजून आहे.

आजोबांचे ‘जगाचीच रीत’ हे माझ्या त्या उत्तराचे भावंड आहे. दोन्ही वाक्ये ऐकली की पुढे काही विचारावेसे वाटत नाही. म्हणून ती बोलणाऱ्याला सोयीची असतात.

आता जपानकडे येऊ. आजोबांशी बोलायचे तर हे प्रकरण तुला बारकाव्यांसकट ठाऊक असले पाहिजे. नुसते ‘तिथेही भेदभाव आहे’ एवढेच हाती असेल, तर त्यातून आजोबांचा निष्कर्षही निघतो आणि तुझाही.

बुराकू या शब्दाचा साधा अर्थ वस्ती किंवा पाडा. तोकुगावा राजवटीच्या काळात (१६०३ ते १८६८) जनावरांची कातडी सोलणे, चामडे कमावणे, मृतांची आणि शिक्षेची कामे करणे असे व्यवसाय असलेल्या लोकांना समाजाच्या बाहेर ठेवण्यात आले. रक्त आणि मृत्यू यांच्या स्पर्शाने विटाळ होतो अशी समजूत त्यामागे होती, आणि त्यांच्यासाठी जो शब्द वापरात होता त्याच्या लिखित रूपाचा अर्थच ‘घाणीने भरलेला’ असा होतो. तो शब्द आज तिथे शिवी मानला जातो, म्हणून तो मी येथे लिहीत नाही. वंश, भाषा, चेहरामोहरा यांत हे लोक इतर जपानी माणसांहून वेगळे नाहीत. रस्त्यावर भेटलेला माणूस बुराकू आहे की नाही हे पाहून सांगता येत नाही. सांगता येते ते पत्त्यावरून आणि घराण्याच्या नोंदीवरून.

तिच्यानंतर आलेल्या मेइजी सरकारने १८७१ साली हुकूम काढून ही दर्जाभेदाची नावे रद्द केली. त्यानंतर काय झाले ते वाचण्यासारखे आहे. पुढच्याच वर्षी जी नवी कुटुंबनोंद झाली, तिच्यात अनेक ठिकाणी या लोकांपुढे ‘नवे सामान्यजन’ अशा अर्थाची खूण करण्यात आली, म्हणजे हुकमाने काढलेला डाग नोंदवहीने परत लावला. १८७३ साली मिमासाका भागात शेतकऱ्यांनी सरकारच्या नव्या धोरणांविरुद्ध उठाव केला, त्यात बुराकू वस्त्यांवर हल्ले झाले, माणसे मारली गेली. ‘ते आमच्या बरोबरीचे कसे झाले’ हा त्यांचा राग होता. आणि पुढे शंभर वर्षांनी, १९७५च्या अखेरीस, असे उघडकीला आले की देशभरातील बुराकू वस्त्यांची नावे आणि ठिकाणे देणारी यादी छापून टपालाने विकली जात आहे. ती विकत घेणाऱ्यांत दोनशेहून अधिक कंपन्या निघाल्या. नोकरीसाठी आलेल्या अर्जावरचा पत्ता त्या यादीशी ताडून पाहायचा आणि माणूस नाकारायचा, असा तिचा उपयोग. मुलामुलीचे लग्न ठरवताना खासगी गुप्तहेर लावून घराण्याची चौकशी करण्याची चालही होती. ओसाका प्रांताला १९८५ साली अशा चौकशांवर निर्बंध घालणारा नियम करावा लागला.

या साऱ्यात निसर्गाचे काय आहे ते मला दाखव. हुकूम आहे, नोंदवही आहे, छापखाना आहे, यादीची किंमत चुकती करणारा कर्मचारी-अधिकारी आहे. गेली दोनशे-तीनशे वर्षे कोणी ना कोणी काही ना काही केले म्हणून हा भेद टिकला. आजोबांना म्हणावे, तुम्ही म्हणता ते अर्धे बरोबर आहे. धर्म वेगळा, भाषा वेगळी, देव वेगळे, मध्ये समुद्र, तरीही चामड्याला आणि मृत्यूला हात लावणाऱ्याला वेगळे बसवण्याची तीच व्यवस्था तिथे उभी राहिली. तर मग ती आपल्या शास्त्रात सांगितली आहे म्हणून चालू आहे, हे तरी कसे खरे? इतरांची नकोशी कामे ज्यांच्या गळ्यात मारली त्यांनाच त्या कामांमुळे अपवित्र ठरवायचे, म्हणजे ते काम सोडून दुसरीकडे जाऊ शकत नाहीत, ही सोय दोन्ही ठिकाणी माणसांनीच करून ठेवली. आजोबा लगेच मानणार नाहीत. मानले नाही तरी वाद वाढवू नकोस. त्यांच्या मनात तो प्रश्न राहू दे.

दुसऱ्या बाजूने तुलाही सावध करते. बुराकू म्हणजे जपानमधील दलित, असे एका ओळीत लिहून मोकळी होऊ नकोस. १९९३च्या सरकारी पाहणीत अशा ४,४४२ वस्त्या आणि सुमारे ८ लाख ९२ हजार बुराकू लोकांची नोंद झाली होती, म्हणजे लोकसंख्येच्या मानाने हा समाज फार लहान आहे. तेथे आपल्यासारखी जातींची उतरंड नाही, जिच्यात प्रत्येकाच्या खाली आणखी कोणीतरी असतो. कायद्याचेही वेगळे आहे. आपल्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, १९५५च्या कायद्याने तिच्या आचरणाला शिक्षा ठेवली. जपानमध्ये बुराकूंविरुद्धच्या भेदभावाचे नाव घेऊन कायदा झाला तो २०१६ साली, आणि त्यात शिक्षेची तरतूद नाही. कायद्याच्या बाबतीत आपण कितीतरी पुढे आहोत, आणि तुमच्या परसदारी ती कपबशी आहे. ही दोन वाक्ये टिपणात एकापुढे एक ठेव आणि मधे काही स्पष्टीकरण घालू नकोस.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ३ मार्च १९२२ रोजी क्योतो शहरात बुराकूंनी स्वतःची संघटना स्थापन केली. दया नको, आम्ही स्वतःच्या बळावर मुक्त होऊ, आणि बुराकू असण्याचा अभिमान बाळगण्याची वेळ आली आहे, असे त्यांच्या जाहीरनाम्याचे सांगणे होते. संघटनेचे नाव ‘सुइहेइशा’. ते ज्या चिन्हांनी लिहितात त्यातले पहिले चिन्ह पाण्याचे आणि दुसरे सपाटपणाचे आहे, म्हणजे पाण्याच्या पातळीसारखे सगळे समान करणाऱ्यांचा संघ. पुढच्याच वर्षी, ४ ऑगस्ट १९२३ रोजी, सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला, आणि २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक महाडच्या चवदार तळ्यावर गेले. नावातल्या पाण्याचा आणि तळ्यातल्या पाण्याचा संबंध केवळ योगायोगाचा आहे, तो अभ्यासाचा मुद्दा म्हणून मांडू नये. पण वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता, आणि असा काटा येणे हासुद्धा शिकण्याचाच भाग आहे.

आता तुझा पहिला प्रश्न, दूरचे वाचून हळहळणे ही पळवाट आहे का? हळहळून तिथेच थांबलीस तर आहे. परंतु तुझ्याबाबतीत तसे झालेले नाही. क्योतोच्या वाटेने तू स्वतःच्या परसदारी आलीस. ही वाट आपल्याकडे मळलेली आहे, तू पहिली नाहीस. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अर्पण केली अमेरिकेतील सदाचारी लोकांना, कारण त्यांनी निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झीज सोसली होती. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा, अशी इच्छा त्यांनी त्या अर्पणपत्रिकेत व्यक्त केली. पुण्यात बसलेल्या माणसाने अमेरिकेतल्या गुलामांचे दुःख वाचले ते पुण्यातील शूद्रातिशूद्रांकडे पाहण्यासाठी. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले. तेथील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. डु बॉइस यांनी उत्तरही पाठवले. त्या पत्रात हळहळ नाही. ‘तुम्ही जे केलेत ते आम्हाला उपयोगी पडेल, पाठवा’, असा त्याचा मतलब आहे. दूरच्या माणसाचे दुःख वाचताना त्याने त्यावर काय केले हेही वाचावे, ही सवय लावून घे. नुसता छळ वाचला की दूरची माणसे केवळ बिचारी दिसू लागतात, आणि बिचाऱ्याकडून कोणी काही शिकत नाही.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे, आणि त्यात मी तुझ्याच बाजूने थोडी घुटमळते. दुसऱ्यांच्या चालीरीतींना बरे-वाईट म्हणणारी मी कोण? फ्रान्झ बोआस आणि त्यांच्या शिष्यांनी मानवशास्त्रात ही सवय घालून दिली की कोणतीही चाल आधी त्या लोकांच्या जगण्यात ठेवून समजून घ्यावी, आपल्या फूटपट्टीने मोजू नये. गोऱ्या लोकांनी जगाला रानटी ठरवण्याच्या त्या काळात ही फार मोलाची गोष्ट होती. पण समजून घेण्याची ही रीत आहे, निवाड्याला कायमची सुट्टी देण्याची नाही. त्यातली मेख अशी की ‘त्यांची संस्कृती’ असे म्हणताना आपण बहुधा त्या समाजात ज्यांचा आवाज मोठा आहे त्यांचेच ऐकत असतो. तुमच्या घराची संस्कृती काय, असे कोणी परदेशी पाहुण्याने विचारले तर आजोबा सांगतील. मावशींना कोणी विचारणार नाही.

म्हणून तू सेनेगलचे प्रकरण परत एकदा काढ आणि या नजरेने वाच. मुलींचे जननेंद्रिय कापण्याची प्रथा मालिकुंदा बांबारा या गावातील स्त्रियांनी १९९७च्या जुलैमध्ये जाहीरपणे सोडली. त्या आधी त्या गावात साक्षरता, आरोग्य आणि मानवी हक्क यांचे वर्ग चालले होते, आणि निर्णय त्या स्त्रियांनी स्वतः घेतला. खरी शिकण्याची गोष्ट त्यापुढची आहे. शेजारच्या भागातील एका वृद्ध इमामाने, देम्बा दियावारा यांनी, दाखवून दिले की एका गावाने प्रथा सोडून भागणार नाही. ज्या गावांशी आपली सोयरीक होते त्या गावांनीही सोडली पाहिजे, नाहीतर आपल्या मुलींना करून कोण घेणार? ते त्या गावांतून पायी फिरले, नातेवाइकांशी बोलले, आणि १९९८च्या फेब्रुवारीत दियाबुगू येथे तेरा गावांनी मिळून एकाच वेळी घोषणा केली. प्रथा वाईट आहे हे घराघराला मनातून कळत असूनही एकट्या घराला ती सोडता येत नाही, हे गणित त्यांनी ओळखले. आपल्याकडच्या हुंड्याला हेच गणित लावून पाहा.

आणि तुला फार लांब जायला नको. तुझ्या जिल्ह्याला लागूनच असलेल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड या गावाने ४ मे २०२२ रोजी ग्रामसभेत ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे हे प्रकार गावात होणार नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही असे करावे म्हणून परिपत्रक काढले. तिथेही एकेकट्या सुनेला किंवा सासूला जे जमले नसते ते सगळ्या गावाने मिळून ठरवल्यामुळे बोलण्यात आले. ठराव झाला म्हणजे प्रथा गेली असे मी म्हणत नाही. एखाद्या सुट्टीच्या दिवशी एसटीने तिथे जाऊन दोन-चार बायकांशी बोललीस, तर ठरावानंतर काय बदलले आणि काय नाही हे तुला माझ्याहून चांगले कळेल. तात्पर्य इतकेच की निवाडा करणारी तू एकटी नाहीस. त्या त्या समाजातली माणसे आपल्या चालीरीतींचा निवाडा करतच असतात. मालिकुंदा बांबाराच्या बायकांनी तो केला, आपल्याकडे ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून केला. त्यांच्या शेजारी उभी राहून बोललीस तर तुझे बोलणे आगाऊपणाचे ठरणार नाही.

हतबलतेविषयी थोडक्यात सांगते. राणा प्लाझाविषयी तू लिहिले आहेस की ते वाचल्यापासून दुकानात टांगलेल्या कपड्यांकडे पाहवत नाही. कपड्यांचे कारखाने असलेली आठ मजली इमारत कोसळली तो २४ एप्रिल २०१३चा दिवस, अकराशेहून अधिक मृत्यू, आणि आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसूनही कामगारांना कामावर यायला लावलेले. हे वाचून झोप उडाली नाही तरच नवल. पण तुमच्या वाचनात प्रकरण मृतांच्या आकड्यावर संपले असावे, असे तुझ्या पत्रावरून वाटते. पुढचे वाच. काही आठवड्यांत कामगार संघटना आणि कपड्यांचे ब्रँड यांच्यात कायदेशीर बंधन असलेला करार झाला. दोनशेहून अधिक ब्रँडनी त्यावर सह्या केल्या, त्याखाली दीड हजारांहून अधिक कारखान्यांची तपासणी झाली, जिने, दरवाजे, विजेची जोडणी यांची दुरुस्ती झाली. सगळे प्रश्न सुटले नाहीत, मजुरीचा तर नाहीच. रवांडातही गवतावर बसून चालणाऱ्या ‘गचाचा’ नावाच्या गावसभांनी २०१२पर्यंत एकोणीस लाखांहून अधिक खटले निकाली काढले. त्यांत वकील नव्हते, सत्तेवर आलेल्या पक्षाच्या सैनिकांनी केलेल्या हत्या तिथे आल्याच नाहीत, आणि या दोन्हींवर कठोर टीका झाली. तरीही ज्यांनी माणसे मारली आणि ज्यांची माणसे मारली गेली त्यांना त्याच डोंगरावर पुन्हा शेजारी म्हणून राहायचे होते, आणि त्यांनी काहीतरी उभे केले. कोणतेही प्रकरण वाचताना ‘पुढे काय झाले’ हे विचारल्याशिवाय पुस्तक मिटू नकोस.

आता कपबशी. लाज वाटते म्हणालीस. ती वाटू दे, पण टिपणात तिच्यावर एका ओळीहून अधिक खर्च करू नकोस, कारण लाजेविषयी लिहिता लिहिता आपण पुन्हा स्वतःविषयीच लिहू लागतो आणि मावशी बाजूला राहतात. मावशींना बसवून ‘तुम्हाला काय वाटते, सांगा, मला टिपणात लिहायचे आहे’ असेही विचारू नकोस. तुमच्याकडे त्यांची मजुरी आहे. त्या मोकळेपणाने बोलू शकणार नाहीत, आणि बोलल्या तर त्यांचे दुःख तुझ्या गुणांच्या कामी येईल. त्यांचे नाव, वस्ती, जात टिपणात येता कामा नये. वर्गातले कोणी त्यांना ओळखत असेल.

सकाळी चहाच्या वेळी तू चूल किंवा गॅस जिथे असेल तिथे असावेस, एवढे कर. घरातल्या मांडणीवरच्या कपांतले दोन कप काढ, दोन्हींत चहा ओत, एक त्यांच्या हातात दे आणि दुसरा घेऊन तिथेच बस. काही बोलू नकोस. चहा झाल्यावर त्या सवयीने कप विसळायला उठतील, तेव्हा दोन्ही कप तू उचल. पहिल्या दिवशी त्या अवघडतील, कदाचित नकोही म्हणतील. तसे झाले तर हट्ट धरू नकोस, कारण आजीच्या रागाचा पहिला फटका तुला नाही, त्यांना बसेल. म्हणून हे करण्याआधी आजीशी बोलणे आवश्यक आहे.

आजीशी बोलताना जपान काढू नकोस, कलम सतराही काढू नकोस. ती मोठ्या पोरीच्या शहाणपणाने दुखावेल आणि बोलणे खुंटेल. दुपारी ती निवांत असताना विचार की ही कपबशी कोनाड्यात कोणी ठेवली, ती या घरात आली तेव्हापासून होती का, तिला कोणी सांगितले, आणि तिच्या माहेरी कसे होते. तिला स्वतःला या घरात कुठे कुठे वेगळे बसावे लागले, तेही विचार. तिच्या पिढीतल्या किती बायकांनी महिन्याचे चार दिवस परसदारी, त्याच कोनाड्याच्या शेजारी काढले आहेत, हे मी ऐकत आले आहे. ती सांगू लागली तर मधे बोलू नकोस आणि वही समोर धरू नकोस. रात्री आठवून लिहून काढ, आणि टिपणात घालायचे असेल तर तिला विचारून घाल.

टिपणाच्या बाबतीत आणखी दोनच सूचना आहेत. चारही देश कोंबू नकोस, एकच घे, आणि ते जपान असावे असे मला वाटते. आणि जिथे तुझे आधीचे मत चुकले होते तिथे ते कोणते होते, कधीपर्यंत होते आणि कोणत्या माहितीने बदलले, हे तारीखवार लिही. परीक्षकाला ते आवडेल की नाही याची मला खात्री देता येत नाही. पुष्कळ परीक्षकांना शेवटी तेच ‘आदर केला पाहिजे’ हवे असते. तुझ्या मॅडम तशा नसाव्यात, कारण ज्यांनी बुराकूंचे प्रकरण वर्गात वाचायला लावले त्यांनी ते सहज लावले नसणार.

टिपण झाले की मला पाठव, गुण मिळण्याची वाट पाहू नकोस. आजी काय म्हणाली तेही लिही, आणि ती काही बोलली नसेल तर तेही लिही.